नगराचा विमानतळ आणि नगराचा अधिकार : सांता मोनिका विमानतळाच्या मालकीची चिकित्सा

प्रस्तावना

‘नगरपालिकेच्या मालकीचा विमानतळ’ ही कल्पना भारतीय वाचकाला प्रथमदर्शनी अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीच्या २९ व्या नोंदीने विमानतळांची तरतूद व त्यांचे नियमन हे विषय केंद्राकडे सोपविले आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नागरी स्थानिक संस्थांसाठी जी बारावी अनुसूची जोडली, तिच्या १८ विषयांत पथदिवे, स्मशानभूमी, उद्याने, कत्तलखाने हे सर्व आहे, विमानतळ नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र नेमकी उलट परंपरा आढळते. तेथील सार्वजनिक विमानतळांपैकी बहुसंख्य विमानतळ हे नगरे, कौंटी अथवा स्थानिक प्राधिकरणे यांच्या मालकीचे आहेत. आकाशाचे नियमन संघशासनाकडे आणि जमिनीची मालकी गावाकडे, अशी ही विभागणी होय.

ही विभागणी कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी ती व्यवहारात राहत नाही. विमान ज्या क्षणी धावपट्टी सोडते त्या क्षणी गावाचा अधिकार संपतो, असे म्हणावे तर विमानाचा आवाज, धूर आणि क्वचित खुद्द विमानही पुन्हा गावावरच येऊन पडते. मग धावपट्टीचा मालक कोण, हा प्रश्न केवळ सात-बाराच्या उताऱ्याचा राहत नाही. कॅलिफोर्निया राज्यातील सांता मोनिका या लहान नगराच्या विमानतळाचा शंभर वर्षांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरलेला आहे. या इतिहासाकडे ‘वैमानिक विरुद्ध रहिवासी’ असे पाहण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे.

उद्यानाच्या पैशातून विमानतळ

पॅसिफिक महासागरापासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावरील एका पठारावर हा विमानतळ वसलेला आहे. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या ग्रेयर क्लोव्हर या वैमानिकाच्या नावावरून त्यास ‘क्लोव्हर फील्ड’ असे नाव मिळाले. १९२६ मध्ये नगराने ही जमीन विकत घेतली. तीसाठी लागणारा पैसा नागरिकांनी उद्यानासाठी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून उभा राहिला होता. आज ज्या जमिनीवर मोठे उद्यान व्हावे म्हणून नागरिक आग्रह धरीत आहेत, ती जमीन मुळात उद्यानाच्याच नावाने खरेदी झालेली होती. शंभर वर्षांपूर्वी विमानाकडे करमणूक म्हणूनच पाहिले जाई आणि मोकळ्या मैदानावर उतरणारे विमान पाहण्यास गाव लोटत असे. त्या काळाच्या दृष्टीने उद्यान आणि विमानतळ यांत फारसा विरोध नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या खरेदीतील विसंगती बरीच सौम्य होते.

या मैदानाला महत्त्व आले ते डोनाल्ड डग्लस याच्या कारखान्यामुळे. १९२४ मध्ये जगाला प्रथमच विमानाने प्रदक्षिणा घालणारी ‘डग्लस वर्ल्ड क्रूझर’ विमाने या कारखान्याचीच होती. १७ डिसेंबर १९३५ रोजी, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणास बरोबर ३२ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, डीसी-३ या विमानाने याच धावपट्टीवरून पहिली झेप घेतली. हे नाव मराठी वाचकाला कदाचित परके वाटेल. परंतु ‘डाकोटा’ म्हटले की ओळख पटते. १९४९ च्या जानेवारीत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघून नागपूरला एकत्र येणारी आणि टपालाची अदलाबदल करून पहाटेपूर्वी परतणारी विमाने डाकोटाच होती. युद्धकाळातील डाकोटांपैकी बहुतेक लाँग बीच व ओक्लाहोमा सिटी येथील कारखान्यांत तयार झाल्या. परंतु आराखड्याचे जन्मस्थान सांता मोनिका हेच होय.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात चाळीस हजारांहून अधिक माणसे काम करीत होती. शत्रूच्या विमानांना कारखाना दिसू नये म्हणून त्यावर जाळ्या ताणून त्यांवर लाकूड व कापड यांची खोटी घरे आणि पिसांची खोटी झाडे उभारण्यात आली. जवळच्या चित्रपटनगरीतील नेपथ्यकारांची त्यास मदत झाली. वरून पाहणाऱ्यास तेथे कारखान्याऐवजी एक साधी वसाहत दिसावी, असा हेतू. त्याच काळात कारखान्याच्या कामगारांसाठी सनसेट पार्क या भागात खरी वसाहतही वाढत होती. धावपट्टीच्या पश्चिम टोकापासून पहिली घरे अवघ्या शंभर मीटरच्या आसपास आली. विमानतळाविरुद्धचा पुढील सर्व असंतोष प्रामुख्याने याच खऱ्या वसाहतीतून उगम पावला. म्हणजे विमानतळ आधी की घरे आधी, हा वादात वारंवार विचारला जाणारा प्रश्न येथे निरर्थक ठरतो. घरे विमानतळामुळेच आली होती. ‘धावपट्टीशेजारी घर घेतलेच कशाला’ असा टोला वैमानिकांच्या संघटना लगावतात, तेव्हा ही घरे कोणासाठी बांधली गेली याचे विस्मरण त्यांना झालेले असते.

१९४८ चा दस्तऐवज

युद्धकाळात संघशासनाने हा विमानतळ नगराकडून भाडेपट्ट्याने घेतला होता. त्याने धावपट्टी सुधारली, सोयी वाढविल्या आणि युद्धानंतर, १९४८ मध्ये, एका हस्तांतरणपत्राद्वारे सर्व काही नगरास परत केले. या पत्रात एक अट घातलेली होती. जागेचा वापर विमानतळ म्हणूनच व्हावा. तसे न झाल्यास ती संघशासनाकडे जावी. नगराने त्या वेळी सही केली.

या प्रकरणाचा सारा गाभा या एका अटीत आहे. नगराचा युक्तिवाद असा की, जमीन १९२६ पासून नगराचीच होती आणि संघशासन केवळ भाडेकरू होते. भाडेकरूने घर सोडताना मालकाला ‘हे घर मी तुला परत देतो, मात्र तू त्यात अमुकच व्यवसाय कर’ असे सांगावे, हा प्रकार कायद्याच्या सामान्य बुद्धीला पटणारा नाही. संघशासनाचे म्हणणे असे की, सार्वजनिक पैशातून केलेल्या सुधारणांच्या बदल्यात ही अट घातलेली आहे आणि ती कालातीत आहे. दोन्ही युक्तिवादांत बळ आहे. तथापि नगराची एक अडचण मोठी होती. ही अट त्याला अन्याय्य वाटत होती, तर न्यायालयात जाण्यास त्याला तब्बल ६५ वर्षे का लागली?

त्याचे उत्तर कायद्यापेक्षा अर्थकारणात सापडते. जोवर डग्लस कारखाना होता तोवर विमानतळ ही गावाची रोजी होती. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जेट प्रवासी विमान डीसी-८ साठी लांब धावपट्टी हवी, अशी मागणी कंपनीने केली. रहिवाशांनी विरोध केला, नगराने नकार दिला आणि डीसी-८ लाँग बीच येथे तयार झाले. ३० मे १९५८ रोजी त्याचे पहिले उड्डाणही तेथूनच झाले. सांता मोनिका येथील कारखाना १९७५ मध्ये बंद पडला. रोजगार गेला आणि विमानतळ मागे राहिला. शिवाय ज्या जेटसाठी धावपट्टी वाढविण्यास नगराने नकार दिला होता, ती जेट विमाने लहान आकारात, धनिकांची खाजगी वाहने म्हणून, त्याच जुन्या धावपट्टीवर उतरू लागली. गावाने उद्योग गमावला, पण त्याचा आवाज मात्र त्याला टाळता आला नाही. या घटनाक्रमात नगराच्या वाट्याला सहानुभूती येते तशी टीकाही यावयास हवी. उद्योगाला नकार देताना उद्योगाविना विमानतळाचे काय करावयाचे, याचा विचार नगराने केला असल्याचे त्याच्या पुढील वर्तनातून दिसत नाही.

नियमांची लढाई

नगराने जेट विमानांवर घातलेली सरसकट बंदी १९७९ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने रद्द ठरविली. रात्रीच्या उड्डाणांवरील निर्बंध व ध्वनिमर्यादा मात्र त्याच न्यायालयाने वैध मानल्या. हा निकाल बारकाईने पाहण्यासारखा आहे. जेट म्हणून एखाद्या विमानाला अडवता येत नाही. मोठा आवाज करणारे म्हणून अडवता येते. मालक या नात्याने नगराला आवाजाचे मोजमाप करण्याचा अधिकार आहे, पाहुण्यांची निवड करण्याचा नाही. १९८१ मध्ये नगर परिषदेने विमानतळ बंद करण्याचा ठराव केला. तो अंमलात आला नाही. त्यातून १९८४ चा करार निघाला. संघशासनाशी झालेल्या या करारानुसार विमानतळ २०१५ पर्यंत चालू ठेवण्याचे नगराने मान्य केले आणि ९५ डेसिबलची ध्वनिमर्यादा, रात्रीच्या प्रस्थानांवरील बंदी यांसारख्या गोष्टींना मान्यता मिळविली.

२००८ मध्ये नगराने पुन्हा एकदा प्रयत्न केला. या वेळी वेगाने उतरणाऱ्या मोठ्या जेट विमानांच्या वर्गावर सुरक्षेच्या कारणास्तव बंदी घालण्यात आली. धावपट्टीच्या टोकांना थांबण्यासाठी मोकळे क्षेत्र नाही आणि पलीकडे थेट घरे आहेत, हे कारण खरे होते. संघीय विमानवाहतूक प्रशासनाने बंदी अमान्य केली आणि २०११ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने प्रशासनाची बाजू उचलून धरली. सुरक्षा म्हणजे काय, हेही मालकाने ठरवावयाचे नाही, असा त्याचा अर्थ झाला. २९ सप्टेंबर २०१३ रोजी एक लहान जेट उतरल्यानंतर धावपट्टीवरून घसरून एका हँगरमध्ये घुसले आणि त्यातील चौघेही मृत्यू पावले. २००८ ची बंदी या विमानाला लागू झाली असती असे नव्हे; तरीही या अपघाताने नागरिकांच्या मनातील तराजू झुकला, हे नाकारता येत नाही.

या सर्व काळात नगर संघशासनाकडून अनुदान घेत होते आणि नगराच्या भूमिकेतील सर्वांत कच्चा दुवा हाच होय. १९९४ मध्ये १६ लाख डॉलरचे अनुदान घेतले गेले, त्यात २००३ मध्ये सुमारे २ लाख ४० हजार डॉलरची भर पडली. अनुदानाबरोबर २० वर्षांचे बंधन येते. ते १९९४ पासून मोजावयाचे की २००३ पासून? नगर म्हणाले २०१४, प्रशासन म्हणाले २०२३, आणि २०१६ मध्ये प्रशासनाने अखेरचा निर्णय आपल्याच बाजूने दिला. सुमारे अडीच लाख डॉलरच्या पुरवणीने एका गावाची नऊ वर्षे बांधली गेली. ही रक्कम नाकारणे सांता मोनिकासारख्या सधन नगराला मुळीच अवघड नव्हते. स्वातंत्र्याची भाषा बोलणारी संस्था फुकटच्या पैशाच्या अटी किती हलकेपणाने वाचते, याचा हा नमुना होय. आणि तो केवळ अमेरिकेपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही.

न्यायालयाने न दिलेले उत्तर

२०१३ मध्ये नगराने मालकीहक्क निर्विवाद ठरवून मिळावा म्हणून संघशासनाविरुद्ध दावा केला. जिल्हा न्यायालयाने तो मुदतबाह्य म्हणून २०१४ मध्ये फेटाळला. १९४८ ची अट नगराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, असे त्याचे कारण. २०१६ मध्ये नवव्या मंडळ अपील न्यायालयाने हा निकाल फिरविला आणि प्रकरण सुनावणीसाठी परत पाठविले. दरम्यान नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी ‘मेझर एलसी’ हा प्रस्ताव मंजूर केला होता. विमानतळ बंद झाल्यास त्या जागेवर उद्याने, मोकळ्या जागा आणि क्रीडासुविधा यांव्यतिरिक्त नवीन बांधकाम करावयाचे असल्यास मतदारांची संमती आवश्यक ठरविण्यात आली. वैमानिकांच्या संघटनांचा पाठिंबा असलेला प्रतिस्पर्धी प्रस्ताव पराभूत झाला.

सुनावणी २०१७ मध्ये व्हावयाची होती. त्यापूर्वीच, २८ जानेवारी २०१७ रोजी, समझोता जाहीर झाला. नगर परिषदेने तो चार विरुद्ध तीन मतांनी स्वीकारला. ३१ डिसेंबर २०२८ नंतर विमानतळ बंद करण्याचा अधिकार नगराला मिळाला. तोवर तो चालू ठेवणे बंधनकारक झाले आणि ४,९७३ फूट लांबीची धावपट्टी ३,५०० फूट करण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०१७ मध्ये हे काम पूर्ण झाले आणि मोठ्या जेट विमानांची ये-जा एकदम रोडावली. सरसकट बंदी, वर्गवार बंदी, ध्वनिमर्यादा यांनी जे साधले नाही ते डांबर खरवडून साधले.

परिषदेतील तिघा विरोधकांचा आणि अनेक रहिवाशांचा आक्षेप असा होता की, खटला जिंकण्याच्या उंबरठ्यावर असताना नगराने आणखी बारा वर्षे मान्य केली. हा आक्षेप तपासून पाहावा लागतो. अपील न्यायालयाने केवळ सुनावणीचा हक्क दिला होता, विजय नव्हे. १९४८ ची अट न्यायालयाने वैध ठरविली असती तर विमानतळ कायमचा राहिला असता. शिवाय अनुदानाचे २०२३ पर्यंतचे बंधन होतेच. त्यामुळे वादाची खरी बारा वर्षे नव्हती, पाच होती. हे ध्यानी घेता समझोता शहाणपणाचा होता, असेच म्हणावे लागते. त्याची किंमत मात्र वेगळ्या ठिकाणी मोजली गेली. नगराच्या मालकीच्या जमिनीवर अट लादण्याचा संघशासनाला अधिकार होता काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही न्यायालयाने दिले नाही. सांता मोनिकाला तारीख मिळाली, न्यायतत्त्व मिळाले नाही. अमेरिकेतील ज्या इतर गावांनी युद्धोत्तर काळात अशाच पत्रांवर सह्या केल्या, त्यांच्यासाठी हा शंभर वर्षांचा संघर्ष कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ मुका आहे.

शिकागोची रात्र

या प्रदीर्घ मार्गाची तुलना शिकागोच्या मेग्ज फील्डशी केल्यावाचून राहवत नाही. मिशिगन सरोवराच्या काठी, मानवनिर्मित भूमीवर असलेला एका धावपट्टीचा हा विमानतळ १९४८ मध्ये सुरू झाला. १९०९ च्या बर्नहॅम आराखड्यात हा किनारा नागरिकांच्या विहारासाठी राखलेला होता आणि महापौर रिचर्ड एम. डेली यांना तेथे उद्यान हवे होते. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री पोलिसांच्या बंदोबस्तात यंत्रे आली आणि धावपट्टीवर फुल्यांच्या आकाराचे मोठमोठे खड्डे पाडण्यात आले. संघीय प्रशासनाला पूर्वसूचना नव्हती. तेथे उभी असलेली १६ विमाने अडकून पडली. पुढे त्यांना टॅक्सीवेवरून उडण्याची परवानगी देण्यात आली. महापौरांनी दहशतवादाच्या धोक्याचे कारण पुढे केले. दंड झाला तो ३३,००० डॉलर. २००६ मध्ये नगराने तो भरला आणि पाडापाडीसाठी वापरलेल्या विमानतळ निधीपैकी १० लाख डॉलर परत केले. जनमानसातील मेग्जचे स्थान निराळेच होते. मायक्रोसॉफ्टच्या विमानचालन खेळात वर्षानुवर्षे आरंभीचा विमानतळ म्हणून तोच दिसत असल्याने ज्यांनी शिकागो कधी पाहिले नाही, त्यांनीही या धावपट्टीवरून ‘उड्डाण’ केले होते.

मेग्जच्या जागी आज हिरवळ आहे, पाणथळ आहे आणि संगीताचे खुले रंगमंडळही आहे. परिणाम पाहता डेली यांची चूक कोणती, असे विचारणारे पुष्कळ आहेत. परंतु उद्यान हे नगराचे असेल तर त्याचा निर्णयही नगराने उजेडी घ्यावयास हवा होता. रात्रीच्या यंत्रांनी महापौराची मालकी सिद्ध केली, नागरिकांची नव्हे. संघीय काँग्रेसने त्याच वर्षी सूचनेशिवाय विमानतळ बंद करण्याबद्दलचा दंड प्रतिदिनी १०,००० डॉलरपर्यंत वाढविला. म्हणजे शिकागोच्या घाईची शिक्षा पुढील गावांना झाली.

सोयींचा खरा उपभोक्ता

सांता मोनिकाच्या २२७ एकर क्षेत्राकडे सोयींच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. येथे उड्डाणाचा उपभोग थोड्यांनी घेतला, पण इमारतींचा पुष्कळांनी. बार्कर हँगर हे मोठ्या समारंभांचे स्थळ बनले. दुसऱ्या एका हँगरमध्ये चित्रकार-शिल्पकारांच्या कार्यशाळा थाटल्या गेल्या. २००२ मध्ये बंद पडलेले विमान-संग्रहालय २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि त्याच्या बाहेर एक डीसी-३ उभारलेले आहे. २००७ मध्ये एका कोपऱ्यात खेळाची मैदाने आणि कुत्र्यांसाठी राखीव जागा असलेले ‘एअरपोर्ट पार्क’ झाले. उंच छताची, खांबांविना पसरलेली ही जुनी बांधणी कलेला व सभेला सहज मानवते. विमानतळ गेल्यावर हे हँगर राहणार की जाणार, यावरील चर्चा उद्यान हवे की परवडणारी घरे हवीत या वादाच्या गदारोळात मागे पडलेली दिसते. वास्तविक या स्थळाची स्मृती डांबराच्या पट्ट्यात नाही, ती या छतांखाली आहे.

उपभोगाच्या दुसऱ्या टोकाला ओझे आहे. पिस्टन इंजिनांच्या लहान विमानांना लागणारे पेट्रोल दीर्घकाळ शिसेयुक्तच राहिले. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे केव्हाच हद्दपार झाले होते. धावपट्टी आखूड झाल्याने जेट कमी झाली, पण प्रशिक्षणाची लहान विमाने वर्तुळे घेत राहिली. आणि ही वर्तुळे नगराच्या सीमेत मावत नाहीत. विमानतळाच्या पूर्वेस व दक्षिणेस लॉस एंजेलिस शहराची हद्द लागते. मार व्हिस्टा आणि व्हेनिस येथील रहिवाशांच्या डोक्यावरून ही विमाने जातात, परंतु त्यांना २०१४ च्या प्रस्तावावर मत नव्हते, २०१७ च्या समझोत्यावर त्यांचा प्रतिनिधी नव्हता आणि नव्या उद्यानाच्या आराखड्यावरील अंतिम मतही त्यांचे असणार नाही. सांता मोनिकाने संघशासनापुढे ‘आमच्या डोक्यावरील आकाशाविषयी आम्हांला विचारा’ असा धोशा लावला. सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांनी तेच वाक्य सांता मोनिकाला उद्देशून उच्चारले, तर नगर परिषदेपाशी त्याला तयार उत्तर नाही.